नाशिकच्या गच्चीत आणि स्वयंपाकघरात लेमन थाइम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये लेमन थाइम सहसा मे महिन्यात मरत नाही, जुलैत मरतो. उन्हाळ्यात आपण त्याची काळजी घेतो, हिरवी जाळी बांधतो, संध्याकाळी हात लावून माती बघतो. पावसाळा आला की 'आता काय, निसर्गच पाणी घालतोय' म्हणून निवांत होतो, आणि चार दिवसांच्या झडीत मुळं कुजतात. त्यामुळे खालच्या उत्तरांत पाण्याच्या निचऱ्याचा विषय वारंवार येईल. त्याला इलाज नाही.

लेमन थाइम म्हणजे नेमकं काय? हा ओव्याचा प्रकार आहे की गवती चहाचा?

दोन्हींचा नाही. हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं बुटकं झुडूप आहे. उंची वीत-दीड वीत, काड्या बारीक पण लाकडासारख्या टणक होत जाणाऱ्या, पानं नखाहून लहान आणि फुलं फिकट जांभळट-गुलाबी. शास्त्रीय नाव थायमस सिट्रिओडोरस.

ओव्याची आठवण येते त्याला कारण आहे. साध्या थाइमच्या पानांत थायमॉल नावाचं द्रव्य असतं आणि ओव्याचा झणका त्याच थायमॉलचा असतो. लेमन थाइममध्ये मात्र सिट्रल आणि जिरॅनिऑल यांचा वास वरचढ ठरतो, आणि गवती चहाचा वासही मुख्यतः सिट्रलचाच. म्हणजे वासाने तो दोघांच्या मधे बसतो. कुळाने मात्र ओवा जिरं-कोथिंबिरीच्या घरातला आणि गवती चहा गवताच्या घरातला.

कुंडीत लावतात ती 'ओव्याची पानं', ज्यांची भजी करतो, ती जाड, लवदार आणि रसाळ असतात. ते झाड वेगळं.

रोपवाटिकेत रोप घेताना खरं लेमन थाइम कसं ओळखायचं?

पाटीवर विसंबू नका. एक पान चुरगळा. आधी लिंबाचा वास आला आणि त्यामागून हलका ओव्याचा, तर रोप बरोबर. नुसताच ओवा आला तर तो साधा थाइम. पान मोठं, मऊ आणि पुदिन्यासारखं सुरकुतलेलं असेल तर ते बहुधा लेमन बाम, आणि तुळशीसारखं दिसत असेल तर लेमन बेसिल. वासाने फसगत होते, पानाच्या आकाराने सहसा होत नाही.

पिवळ्या कडांचे आणि पांढरट कडांचे प्रकारही मिळतात. दिसायला सुरेख असतात. पण त्यात एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती बुडाशी कापून टाका. हिरवी फांदी जोमाने वाढते आणि हळूहळू रंगीत भागाला मागे टाकते. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात पिवळ्या प्रकाराची पानं करपू शकतात. पहिल्यांदा लावत असाल तर साधा हिरवाच घ्या.

रोप हातात घेतल्यावर कुंडीच्या तळाकडेही बघा. पिशवीतली माती काळी, चिकट आणि ओलीचिंब असेल तर रोप घ्यायला हरकत नाही, पण घरी आणल्यावर आठवड्याभरात माती बदला.

बियांपासून येतो का?

लेमन थाइम हा फार काळ संकर मानला गेला आहे आणि बियांपासून आलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. लिंबाचा वास हवा असेल तर फांदीपासूनच रोप करायचं. बियांची पाकिटं मिळतात, पण त्यातून काय निघेल याची खात्री देणं कठीण. मी तरी पैसे त्यात घालणार नाही.

मग फांदीपासून रोप कसं करायचं, आणि कधी?

नाशिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोपा काळ. हवा कोरडी, ऊन सौम्य, आणि झाड वाढीला तयार.

फूल न आलेला, कोवळा पण फार लुसलुशीत नसलेला शेंडा घ्या, साधारण ८ ते १० सेंटीमीटरचा. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा आणि धुतलेली जाड वाळू व थोडं कोकोपीट यांच्या मिश्रणात खोचा. उजेड भरपूर, पण थेट दुपारचं ऊन नको. माती ओलसर राहील एवढंच पाणी. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, हाताला अडलं तर मुळं धरली आहेत.

याहून आळशी आणि जास्त खात्रीची रीत म्हणजे दाब कलम. बाहेरच्या बाजूला लवलेली फांदी मातीवर टेकवायची, तिच्यावर एक खडा ठेवायचा आणि विसरून जायचं. मूळ फुटलं की आईपासून कापून वेगळी लावायची. पुष्कळदा फांद्या आपणहूनच मातीला टेकून मुळं धरतात.

सुपरमार्केटमधल्या ताज्या थाइमच्या जुडीतल्या काड्याही कधी कधी लागतात. पण त्या किती दिवस थंडपेटीत राहिल्या आहेत यावर सगळं अवलंबून, शिवाय त्या बहुतेक वेळा साध्या थाइमच्या असतात.

नाशिकची काळी माती चालेल का?

जशीच्या तशी नाही. आपली माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. द्राक्षाची आणि कांद्याची गोष्ट वेगळी, तिथे शेतकरी निचऱ्याची सोय करूनच लावतो. थाइमचं मूळ गाव भूमध्य समुद्राच्या भोवतालचे खडकाळ उतार. चुनखडीच्या, हलक्या, भुकेल्या जमिनीची त्याला सवय. काळ्या मातीचा चुना आणि किंचित अल्कली गुण त्याला मानवतो. त्रास होतो तो तिच्या चिकटपणाचा.

कुंडीसाठी असं मिश्रण ठेवा: दोन भाग तांबडी किंवा पोयटा माती, दोन भाग जाड वाळू किंवा खडीची बारीक कच, एक भाग गांडूळखत. बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी क्रश सँड चालते, पण ती आधी बादलीत दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. तिच्यातली दगडाची पूड तशीच राहिली तर सिमेंटसारखी बसते आणि निचरा होण्याऐवजी थांबतो. विटांचा चुरा असेल तर तोही घाला.

कोकोपीटचा सोस नको. आपल्याकडे सगळ्या कुंड्यांत कोकोपीट घालायची पद्धत पडली आहे. पुदिन्याला ते ठीक, थाइमला नाही.

कुंडी कोणती घ्यावी?

मातीची, ८ ते १० इंचांची, तळाला मोठं भोक असलेली. खाली ताटली ठेवू नका. ठेवायचीच असेल तर दोन विटांच्या तुकड्यांवर कुंडी उचलून ठेवा, म्हणजे ती साचलेल्या पाण्यात बसणार नाही. काळी प्लास्टिकची कुंडी एप्रिलमध्ये स्लॅबवर तापते आणि मुळं भाजतात.

ऊन किती लागतं? आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत सकाळीच ऊन येतं.

सहा तास मिळालं तर उत्तम. सकाळचं चार-पाच तासांचं ऊन असलेल्या पूर्वेच्या गॅलरीतही तो जगतो. वास थोडा कमी भरेल आणि फांद्या जरा लांबट होतील, एवढंच. उत्तरेच्या गॅलरीत लावू नका, तिथे पुदिना लावा.

गच्ची असेल तर मार्चअखेरपासून जूनपर्यंत दुपारी बारा ते चार या वेळात हिरवी शेडनेट असावी. नाशिकचा उन्हाळा ४० अंशांपर्यंत जातो, आणि स्लॅबवरची उष्णता त्याहून जास्त असते. नेट दिवसभर नको. सकाळचं ऊन अडवलं की वास जातो.

निफाडकडे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. झाड झाकावं लागेल का?

नाही. काही वर्षी निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेला तरी लेमन थाइमला त्याचं काही वाटत नाही. युरोपात तो शून्याखालची थंडीही सोसतो. उलट आपल्याकडे त्याचे सगळ्यात चांगले महिने तेच. थंडीत पाणी कमी करा आणि पहाटे पानांवर पाणी मारू नका.

पाणी किती दिवसांनी द्यायचं?

दिवस मोजू नका, कुंडी उचलून बघा. पाणी दिल्यानंतर ती किती जड लागते ते एकदा हाताला कळलं की पुढे विचारावं लागत नाही. हलकी लागली आणि वरची बोटभर माती कोरडी असेल तर भरपूर पाणी द्या, खालून वाहीपर्यंत. मग पुन्हा हलकी होईपर्यंत काही नाही. रोज वाटीभर पाणी देणं ही सगळ्यात वाईट पद्धत: वरचा थर सतत ओला राहतो आणि खालची मुळं तहानलेली.

गोंधळ असा होतो की पाणी कमी झालं तरी झाड मान टाकतं आणि जास्त झालं तरी टाकतं. कमी झालं असेल तर पानं कुरकुरीत होतात. जास्त झालं असेल तर खालची पानं पिवळी पडतात, काडी बुडाशी काळपट आणि मऊ लागते, आणि मातीला कुबट वास येतो. दुसऱ्या प्रकारात पुन्हा पाणी घातलं की खेळ संपला.

बोअरचं जड पाणी चालतं. पानांवर पांढरे डाग पडतात, ते धुऊन जातात.

पावसाळ्यात नेमकं काय करायचं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणजे तिथल्या झाडाला ओल मिळते ती थंडीत. आपल्याकडे नेमकं उलट: हिवाळा कोरडा, आणि पाऊस येतो तेव्हा हवाही उबदार. उबदार आणि ओली माती म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आमंत्रण. वरून ढग, ऊन नाही, त्यामुळे माती आठवडाभर वाळतच नाही. थाइमच्या अंगात या परिस्थितीची सवय नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात झाड विरळ करा. आतल्या वाळक्या काड्या काढा, दाट झालेले शेंडे तिसरा हिस्सा कापा, म्हणजे आतून वारा खेळेल. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा पालापाचोळा घातला असेल तर काढून टाका आणि त्या जागी बारीक खडी पसरा. खडीमुळे पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि खालची पानं चिखलाने माखत नाहीत.

मग कुंडी हलवा. पाऊस आपल्याकडे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेच्या भिंतीलगत, छज्जाखाली, पण उजेडात ठेवा. पत्र्याखालीही चालेल, फक्त पन्हाळीची धार कुंडीत पडत नाही ना ते बघा. जमिनीत लावला असेल तर वर उताराचं पारदर्शक प्लास्टिक हवं. आपल्याकडचे काही द्राक्षबागायतदार बागेवर प्लास्टिक आच्छादन घालतात, कल्पना तीच, आकार छोटा. बाजू मात्र मोकळ्या ठेवा. बंद करून टाकलं तर आत वाफारा होईल आणि पाऊस बरा होता असं म्हणायची वेळ येईल.

पाणी? जुलै-ऑगस्टमध्ये छताखालच्या कुंडीलाही फार क्वचित. खत अजिबात नाही. सप्टेंबरच्या उघडिपीत झाड उन्हात न्या, पण एकदम नको. दोन-तीन दिवस सकाळचं ऊन दाखवा, मग पूर्ण.

आणि फेब्रुवारीत दोन-तीन काड्या लावून ठेवा. एवढं करूनही एखाद्या पावसाळ्यात झाड जातं. घरात दुसरं रोप असलेलं बरं.

आम्ही इगतपुरीला राहतो. तिथे जमेल का?

तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्यावर नाही जमणार. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर पावसाळा काढा, नाहीतर सरळ हंगामी झाड समजा: ऑक्टोबरमध्ये आणा, मेपर्यंत वापरा. सिन्नर किंवा येवल्याकडच्या लोकांना हे दुखणं फारसं नाही.

छाटणी कधी? द्राक्षासारखी एप्रिल-ऑक्टोबर चालेल का?

महिने योगायोगाने जवळचे आहेत, रीत अगदी वेगळी. द्राक्षाची खरड छाटणी जुन्या काडीपर्यंत मागे जाते आणि तिथून नवे फुटवे येतात. थाइमला तसं केलंत तर झाड जाईल. पानं नसलेल्या, लाकूड झालेल्या काडीतून तो क्वचितच फुटतो. नेहमी हिरव्या भागातच कापायचं, खाली काही पानं शिल्लक ठेवून.

मेअखेरची विरळणी वर सांगितली. दुसरी हलकी छाटणी ऑक्टोबरमध्ये, उन्हाचा ताव ओसरू लागला की. फुलं येऊन गेल्यावरही शेंडे खुडा. बाकी वर्षभर स्वयंपाकासाठी खुडणं हीच छाटणी. जो वापरतो त्याचं झाड डेरेदार राहतं, जो जपून ठेवतो त्याचं मधून उघडं पडतं.

खत कोणतं द्यावं?

फारसं नको. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत मूठभर गांडूळखत पुरे. शेणखत, जीवामृत, युरिया असं काही जोरात दिलं तर झाड हिरवंगार आणि लांबट होतं, आणि वास पातळ होतो. लिंबाचा वास कमी झाल्याची तक्रार आली की आधी खताचा, मग उन्हाचा हिशेब तपासा.

कीड लागते का? द्राक्षावरची भुरी यावर येईल का?

द्राक्षाची भुरी आणि दाऊनी यांची काळजी करू नका. ते रोग द्राक्षाच्या कुळाशी बांधलेले आहेत, थाइमवर उतरत नाहीत. उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि काड्यांमध्ये जाळी दिसली की समजावं. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसा. कडुनिंबाचं तेल चालतं, पण मग आठवडाभर पानं खाऊ नका. त्या तेलाचा कडवटपणा धुऊनही जिभेला लागतो.

आमचं घर मखमलाबादकडे, द्राक्षबागेला लागून आहे. फवारणीचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सगळ्यांनी विचारायला हवा. वाऱ्यावर फवारणीचे तुषार बरेच लांब जातात, आणि आपण थाइमचं पानच खातो, सोलून टाकायला साल नसते. कुंडी बागेच्या विरुद्ध बाजूला, भिंतीच्या आडोशाला ठेवा. शेजाऱ्याला फवारणीच्या आदल्या दिवशी सांगायला सांगा. गावात हे सहज होतं. त्या दिवशी कुंडी आत घ्या. तुषार पडल्याची शंका असेल तर तो बहर कापून टाका आणि नव्या फुटीची वाट बघा. नुसतं धुण्याने प्रत्येक औषध जात नाही, काही पानात शिरलेली असतात.

शेजारी कोणती झाडं लावावीत?

रोझमेरी, सेज, लॅव्हेंडर. सगळ्यांची तहान सारखी. पुदिना, कोथिंबीर, तुळस त्याच कुंडीत नको.

झाड लावल्याने डास पळतात का?

कुंडी नुसती ठेवल्याने नाही. वासाचं तेल पानातल्या बारीक ग्रंथींत बंद असतं, पान चुरगळल्याशिवाय ते बाहेर येत नाही. गोदाकाठच्या डासांना कुंडीची शोभा दिसेल, एवढंच. मधमाश्या मात्र फुलांवर येतात.

स्वयंपाकात कधी घालायचा, सुरुवातीला की शेवटी?

शेवटी. साधा थाइम तासभर शिजला तरी टिकतो, कारण थायमॉल दमदार आहे. लेमन थाइमचा लिंबाचा वास चटकन उडतो. गॅस बंद करायच्या दोन-तीन मिनिटं आधी घाला, किंवा बंद केल्यावर घालून झाकण ठेवा. ओव्हनमध्ये भाजायचं असेल तर काड्या पदार्थाच्या खाली अंथरा आणि थोडी ताजी पानं वाढताना वरून.

पानं काढायची सोपी युक्ती: काडीचा शेंडा एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं शेंड्याकडून बुडाकडे ओढा. पानं उलट दिशेने सुटून येतात. कोवळे शेंडे काडीसकट चिरले तरी चालतात.

हा घातला की लिंबू पिळायची गरज नाही, असं आहे का?

नाही. याला लिंबाचा वास आहे, आंबटपणा नाही. आंबट हवं तिथे लिंबू पिळावंच लागेल. किंबहुना दोन्ही एकत्र चांगली लागतात: लिंबाचा रस जिभेला, थाइम नाकाला.

मग दुधाच्या चहात चालेल?

याच कारणामुळे चालेल, दूध फाटत नाही. गवती चहाच्या दोन पात्यांऐवजी थाइमच्या दोन-तीन काड्या, आलं अगदी थोडं. चहा उतरवल्यावर घाला, दोन मिनिटं झाका, गाळा. कोरा चहा असेल तर आलंही नको.

आपल्या घरातल्या रोजच्या जेवणात हा कशात घालावा?

बटाट्यापासून सुरुवात करा. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी लोण्यावर खरपूस परता, मीठ-मिरी, उतरवताना चमचाभर पानं. त्याच हाताने पावसाळ्यातली मक्याची कणसं: भाजून झाल्यावर तिखट-मिठाऐवजी लोणी आणि चिरलेला लेमन थाइम चोळा. पनीर, मशरूम, ताजे मटार, गाजर, लाल भोपळा यांच्याशी तो जमतो. वरणावर घालायचा असेल तर कढत तुपात चार-पाच पानं टाकून लगेच वरणावर ओता, मोहरी-हिंगाची फोडणी न करता. भातावर तेच वरण एकदा खाऊन बघा.

कोंबडीला दही, लसूण, मिरी आणि लेमन थाइम लावून दोन तास मुरवा. गोड्या पाण्याच्या माशाला, रोहू-कटल्याला, एक मातकट वास असतो. तिथे लिंबाचा रस लावून धुवा आणि तळताना शेवटी थाइम घाला. हळद-तिखटाचा जाड थर मात्र मग कमी करा, नाहीतर थाइम कुठे गेला ते कळणार नाही.

पिठल्यात, मिसळीच्या कटात, काळ्या मसाल्याच्या भाजीत घालू नका. तिथे तो हरवतो. पिठल्याला ओवाच बरा. मिसळीवर थाइम शिंपडून देणाऱ्या ठिकाणी मी तरी दुसऱ्यांदा जाणार नाही.

द्राक्षाच्या हंगामात याचं काही करता येईल का?

नाशिकमध्ये राहून हे केलं नाही तर काय केलं? जानेवारी ते एप्रिल द्राक्षं भरपूर असतात, आणि नेमका तेव्हाच थाइमही भरात असतो.

भाजलेली द्राक्षं: बिनबियांची द्राक्षं, शक्य असेल तर काळी, चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ लावून २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजा. साल सुरकुतते आणि रस बाहेर येतो. बाहेर काढल्याबरोबर लेमन थाइमची पानं टाका. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मोठ्या आचेवर करा. ही द्राक्षं परतलेल्या पनीरवर, टांगलेल्या दह्यावर किंवा भाजलेल्या कोंबडीबरोबर वाढा.

सरबताचा पाक: एक वाटी साखर, एक वाटी पाणी. साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद. आठ-दहा काड्या टाका, झाकण ठेवा, अर्ध्या तासाने गाळा. काड्या पाकात उकळू नका, कडसर होतो. फ्रीजमध्ये दोनेक आठवडे टिकतो. लिंबू सरबतात किंवा ताज्या द्राक्षाच्या रसात दोन चमचे. कैरीच्या पन्ह्यात नको, तिथे वेलदोडा आधीच बसलेला आहे.

उपासाला चालतो का?

शास्त्र विचारत असाल तर लेमन थाइमबद्दल आजीने काही सांगून ठेवलेलं नाही. ज्या घरात उपासाला कोथिंबीर चालते तिथे हाही चालवून घेतात, आणि जिथे जिरंसुद्धा वर्ज्य तिथे प्रश्नच येत नाही. उपासाच्या बटाट्यात छान लागतो. ठरवा तुमचं तुम्ही.

साठवायचा कसा? वाळवला तर वास राहतो का?

ताजा सगळ्यात चांगला, आणि झाड दारात असताना साठवायची घाई कशाला? तरी पावसाळ्याआधीच्या विरळणीत ढीगभर निघतो, त्याचं काहीतरी करावं लागतं.

फ्रीजमध्ये किंचित ओलसर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर आठवडाभर सहज राहतो. त्याहून जास्त दिवसांसाठी फ्रीझर: धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या काड्या ताटात पसरून गोठवा, मग पिशवीत भरा. लिंबाचा वास वाळवण्यापेक्षा यात चांगला टिकतो.

वाळवायचा तर सावलीत. मार्च-मेच्या कोरड्या हवेत पंख्याखाली तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतो. उन्हात वाळवला तर रंगही जातो आणि वासही. पावसाळ्यात वाळवायला घेऊ नका, बुरशी धरते. वापरताना ताज्या तीन चमच्यांऐवजी वाळलेला एक चमचा.

तेलात बुडवून बाटली कट्ट्यावर ठेवायची फॅशन आहे, ती टाळा. ताजी पानं किंवा लसूण तेलाखाली, हवेविना, खोलीच्या तापमानात राहिली तर बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या अन्नविषबाधेचा धोका असतो, आणि ते विष वासाने कळत नाही. करायचंच असेल तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. व्हिनेगरमध्ये तो धोका नाही, आंबटपणा त्या जंतूला वाढू देत नाही.

औषध म्हणून घेता येईल का? गरोदरपणात चालतो का?

पदार्थात चवीपुरता घातला तर गरोदर बाईलाही सहसा अडचण नसते. काढा, अर्क, तेल ही वेगळी गोष्ट. त्यांत मात्रा कितीतरी जास्त असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाटलीतलं सुगंधी तेल पिऊ नये आणि लहान मुलांच्या अंगाला नुसतं लावू नये. पुदिना किंवा ओरेगॅनोची ॲलर्जी असेल तर थाइमही जपून खा.

झाड तीन वर्षांचं झालं, मधून सगळं लाकूड दिसतंय. काय करू?

वय झालं. थाइम तीन-चार वर्षांनी असाच होतो. मधल्या मोकळ्या जागेत वाळू-माती भरून फांद्या अर्ध्या गाडून ठेवल्या तर त्यांना नवी मुळं फुटतात. हिवाळ्यात करा, दोनेक महिन्यांनी त्या कापून नव्या कुंडीत लावा.

गुंठाभर लावून विकता येईल का? माझी थोडी जमीन दिंडोरीकडे आहे.

येईल, पण लावण्याआधी घेणारा शोधा. याचा ग्राहक भाजी मंडईत नाही. तो हॉटेलांत, कॅफेंत, बेकऱ्यांत आणि सुपरमार्केटमध्ये आहे, नाशिकमध्ये थोडा आणि मुंबई-पुण्यात जास्त. पाच-सहा हॉटेलांच्या आचाऱ्यांना नमुना नेऊन द्या आणि आठवड्याला किती लागेल ते विचारा. उत्तर बहुधा किलोत येणार नाही, ग्रॅममध्ये येईल. म्हणून एकट्या लेमन थाइमवर गाडी मुंबईला पाठवणं परवडत नाही. रोझमेरी, पार्सली, बेसिल, साधा थाइम अशी चार-पाच पिकं सोबत हवीत.

लागवड उंच गादीवाफ्यावर, दोन रोपांत फूटभर अंतर, ठिबक, आणि पावसाळ्यात वरून प्लास्टिक. काळ्या जमिनीत वाफ्यात मुरूम आणि कच मिसळावी लागेल, तो खर्च पहिल्या वर्षीच होतो. कापणी सकाळी दव ओसरल्यावर करा. ओला माल डब्यात काळा पडतो. एका वाफ्यापासून सुरुवात करा आणि एक पावसाळा जाऊ द्या. ऑक्टोबरमध्ये किती रोपं उभी आहेत त्यावरून पुढच्या वाफ्यांचं ठरवा.